साप घरी यायच्या आधी दहा आठवडे आम्ही रिकामी पेटी सांभाळली

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी मी कणीक मळत होते आणि लेक ओट्याला टेकून उभी होती, बराच वेळ काही बोलेना, मग एकदम म्हणाली आई मला साप पाळायचाय. तेरा वर्षांची आहे. कुत्रा मागेल, मांजर मागेल असं धरून चालले होते. मी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही, एवढंच म्हटलं की आधी आपण दोघी शिकू, नीट वही घालून, आणि मग ठरवू. आता जिलबी, म्हणजे आमचा साप, आमच्याकडे येऊन चार महिने झालेत, ती वही अर्ध्याच्या वर भरलीये, आणि इकडच्या ओळखीतल्या दोन मराठी घरांमधून मुलांचा हाच हट्ट सुरू झालाय म्हणून विचारणा आली, तेव्हा म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. हे आधी सांगते कारण पुण्यातल्या माझ्या भाच्याने फोटो बघून लगेच मेसेज केला की मावशी मी पण पाळणार, आमच्या मागच्या ओढ्यात दिवड असतात. त्याला लगेच फोन केला. बाबा रे, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, नाग असो की दिवड की धामण, आपल्या रानातला साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे आणि असायलाच हवा. घरात साप शिरला तर सर्पमित्राला बोलवायचं, तो नेऊन सोडतो, संपलं. परदेशी जातींचे साप तिकडे विकतात, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या बऱ्याच जातींची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते आणि विकणारे ते सांगतीलच असं नाही. मी खाली लिहिते ते कॉर्न स्नेकबद्दल आहे, हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप, इकडे पिढ्यानपिढ्या घरीच पैदास केलेला मिळतो, आणि तो पाळायला इंग्लंडात लायसन्स लागत नाही. धोकादायक विषारी सापांना लागतं, १९७६ च्या कायद्यापासून.

मला सापांची भीती नाही. माझं आजोळ भोर तालुक्यातलं, भातखाचरं, आणि आजोबा धामणीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे ती आपली कणगी राखते. गावात सगळे म्हणायचे धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते, आजोबा म्हणायचे मी सत्तर वर्षं म्हशी पाळल्या, एकदा पण नाही पाहिलं. शाळेतून कात्रजच्या सर्पोद्यानात सहल गेलेली तेव्हा पण काचेला नाक लावून उभी राहणारी मीच. त्यामुळे मला आतून वाटत होतं की आपल्याला थोडंफार कळतं. पहिल्या आठवड्यातच समजलं की मला सापाशेजारून चालता येतं एवढंच, साप जगवायचा कसा ह्यातलं मला काहीसुद्धा माहीत नव्हतं.

सुरुवात एका दुकानापासून झाली. नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने पाच मिनिटांत सगळं समजावलं, हा सगळ्यात सोपा पेट आहे, आठवड्यातून एकदा खायला घाला की झालं, आणि हा स्टार्टर किट. किट म्हणजे बुटाच्या खोक्यापेक्षा जरा मोठी प्लास्टिकची पेटी, खाली चिकटवायची एक हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, एक गोल काट्याचं थर्मामीटर आणि लाकडाच्या भुशाची पिशवी. लेकीने विचारलं की साप मोठा झाला की किती लांब होतो, तो म्हणाला चारेक फूट, पण सापाला छोटी जागा आवडते. लेक पेटीकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, आई, चार फुटाचा साप त्यात सरळ कधी होणार? मला त्या प्रश्नाचा फार अभिमान वाटला.

मग तिच्या मैत्रिणीच्या आजोबांची गाठ पडली. गेली तीस वर्षं कॉर्न स्नेक ठेवणारा माणूस. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि सापाबद्दल एक शब्द काढायच्या आधी लेकीला विचारलं, वीस वर्षांनी तू काय करत असशील? ती गोंधळली. ते म्हणाले हे साप पंधरा वर्षं सहज जगतात, नीट ठेवले तर वीस, क्वचित जास्तीच. तू कॉलेजला जाशील, होस्टेलवर सापाला परवानगी नसेल, नोकरी दुसऱ्या गावात लागेल, मग हा कुणाचा? आणि माझ्याकडे बघितलं. इकडे कायद्यानेच सोळा वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकत नाहीत आणि मुलांच्या प्राण्याची जबाबदारी आईबापांवर असते, म्हणजे कागदावर तो साप माझाच होणार होता. त्या रात्री नवरा आणि मी बसून खरंच हिशोब केला, आपण तेव्हा किती वर्षांचे, भारतात परत गेलो तर काय, आपल्यातलं कुणी आजारी पडलं तर कोण बघणार. हे बोलणं साप आणायच्या आधी झालं म्हणून बरं झालं, नंतर झालं असतं तर त्यात साप ओझं म्हणून आला असता.

त्याच आजोबांनी सांगितलेली गोष्ट आम्ही शब्दशः पाळली. आधी पेटी लावा, दिवे लावा, आणि सापाशिवाय चालवा. दोन महिने तरी. रोज नोंद करा. मग साप.

पेटी आम्ही सेकंडहँड घेतली, लाकडी, पुढे सरकत्या काचा, चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. जुन्या पद्धतीत लोक म्हणतात पेटीची लांबी अधिक रुंदी सापाएवढी झाली की पुरे, पण माझं स्पष्ट मत आहे की सापाला अंग पूर्ण ताणून पडता आलंच पाहिजे, तेवढं नसेल तर ठेवूच नये. आणि कॉर्न स्नेक चढतो, चांगला चढतो, त्यामुळे उंची वाया जात नाही, आत दोन जाड फांद्या आडव्या स्क्रूने पक्क्या केल्या. खाली अ‍ॅस्पेनचा भुसा, चांगला तीन बोटं जाड, म्हणजे त्याला आत घुसता येतं. पाइन आणि सीडरचा भुसा वापरू नका, त्या वासातलं तेल त्यांच्या फुफ्फुसाला त्रास देतं, आणि दुकानातली ती पिशवी नेमकी कसली होती ते तिच्यावर लिहिलेलंच नव्हतं.

आता उष्णतेचं. ह्यावर मी जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरून घेतो, आणि खाल्लेलं पचवायला त्याला ती ऊब लागतेच, नाहीतर पोटातलं अन्न तसंच राहतं आणि तो ओकून टाकतो. म्हणून पेटीच्या एका टोकाला गरम जागा, दगडाचा पृष्ठभाग ३० ते ३२ डिग्री, आणि दुसऱ्या टोकाला गार, २२ ते २४. रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. साप दिवसभर ह्या दोन टोकांमध्ये स्वतः हिंडून आपलं आपण ठरवतो. दोन्हीकडे लपायची जागा पाहिजे, नाहीतर बिचारा ऊब आणि आडोसा ह्यातलं एकच निवडतो, आणि साप बहुतेक वेळा आडोसाच निवडतो, मग गारठून बसतो. वरचा दिवा हॅलोजन, त्याला जाळीचं झाकण, आणि दिव्याला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे उष्णता कमीजास्त करणारं यंत्र. हीट मॅट असो, दिवा असो, काहीही असो, थर्मोस्टॅटशिवाय लावायचं नाही. नुसती मॅट पन्नासच्या वर जाऊ शकते. आणि मला सगळ्यात वाईट वाटलेली गोष्ट ही की पोटाखाली भाजत असताना साप पटकन उठून जाईलच असं नाही. तो तिथेच पडून राहतो.

तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते सांगते. लेक रोज शाळेतून आली की टेम्परेचर गनने चार ठिकाणी माप घ्यायची, कोविडमध्ये सोसायटीच्या गेटवर कपाळासमोर धरायचे तसलीच दिसणारी गन. एक दिवस वरून हाक आली, आई लवकर ये. गरम दगड ४७. मी म्हटलं गन बिघडली असेल, परत बघ. परत ४७. दगडावर तळहात ठेवला आणि लगेच काढला. थर्मोस्टॅटवर मात्र आकडा दिसत होता २४. शोधल्यावर कळलं की थर्मोस्टॅटची वायर, तिच्या टोकाला तापमान मोजणारा जो प्रोब असतो, तो आम्ही चिकटपट्टीने लावला होता, उष्णतेने पट्टी सुटली आणि प्रोब घरंगळत गार कोपऱ्यात जाऊन पडला. थर्मोस्टॅटला वाटलं पेटी गार आहे, त्याने दिवा पूर्ण ताकदीने लावून ठेवला, कदाचित सकाळपासून. लेक काही बोलली नाही, नुसती त्या दगडाकडे बघत उभी होती. मग तिने वहीत लाल पेनाने लिहिलं, आज साप असता तर. पुढचं वाक्य पूर्ण नाही केलं. त्याच संध्याकाळी नवऱ्याने प्रोब क्लिप आणि केबल टायने पक्का बसवला, आणि पेटीत चिकटपट्टी हा प्रकारच बंद केला, कारण नंतर वाचनात आलं की साप पट्टीला चिकटतात आणि सोडवताना खवले निघतात.

नोव्हेंबरमध्ये उलटा प्रकार. इकडे रात्री आपण हीटिंग बंद करतो, खोली गारठते, आणि सकाळी सहाला गार टोक १६ वर. तिथे मग रात्रीसाठी उजेड न पाडणारा सिरॅमिक हीटर वेगळ्या थर्मोस्टॅटवर लावला. म्हणजे बघा, एकच पेटी सप्टेंबरमध्ये बरोबर होती आणि नोव्हेंबरमध्ये चुकली, आणि हे कुठल्या दुकानातल्या पाच मिनिटांत कळणार होतं? युव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा, पण लावली, पुष्कळ लोक म्हणतात सापाला गरज नाही, पण ह्या ट्यूबखाली ठेवलेल्या कॉर्न स्नेकच्या रक्तातलं डी व्हिटॅमिन वाढतं हे तपासून बघितलेलं आहे, मग का नाही द्यायचं. बारा तास चालू, बारा तास बंद, टायमरवर.

आता खाण्याचं. मला माहितीये की आपल्या घरांमध्ये खरी अडचण इथेच येते.

ह्या सापाला घरी उंदीरच घालायचा. दुसरं काही नाही. पनीर नाही, अंडं नाही, दूध तर नाहीच नाही. इकडे आधीच मारून फ्रीझ केलेले उंदीर मिळतात, सापाच्या मापाप्रमाणे, अगदी पिंकीपासून, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या पिल्लापासून, मोठ्यापर्यंत. सापाच्या अंगाचा जिथे सगळ्यात जाड भाग असतो साधारण तेवढ्याच जाडीचा उंदीर. पिल्लाला पाचसात दिवसांनी, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी. जिवंत उंदीर देऊ नये, उंदराचे हाल होतात आणि कोंडलेला उंदीर सापाला पण चावतो, डोळा सुद्धा फोडू शकतो. माझ्या सासूबाई माळकरी आहेत, दर हिवाळ्यात तीन महिने आमच्याकडे असतात, त्यांना न सांगता हे करणं मला पटेना. फोनवर सांगितलं. बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, अगं माळकऱ्याच्या घरात उंदीर मारून आणणार? मी म्हटलं आई, आपण मारत नाही पण आपल्यासाठी मारलेला असतो, ते खरंय, मी खोटं नाही सांगणार. म्हणाल्या विचार करते. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन आला. त्याला देवाने तेच खायला दिलंय, त्याला वरणभात घालून मारण्यात कसलं पुण्य, पण माझ्या भांड्यांना आणि माझ्या फ्रिजला लावायचं नाही एवढं बघ. आम्ही गॅरेजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर घेतला, वेगळा चिमटा, वेगळं भांडं, सगळ्यावर लाल टेप. ह्याची गरज फक्त त्यांच्यासाठी होती असं नाही, स्वच्छतेच्या दृष्टीने पण तेच बरोबर आहे.

मग त्यांनी विचारलं, आणि नागपंचमीला दूध? मी सांगितलं की साप दूध पित नाही, गारुडी त्यांना कित्येक दिवस पाण्याशिवाय ठेवायचे म्हणून तहानेने तोंड लावायचे, आणि ते दूध त्यांना बाधायचं. त्या गप्प झाल्या. लहानपणी दारावर आलेल्या गारुड्याच्या टोपलीपुढे त्यांनी स्वतः वाटी ठेवली होती, म्हणाल्या, आम्हाला कुणी सांगितलंच नाही गं.

आधी शिकायचं म्हटल्यावर लेकीने खायला घालायचं पण त्या आजोबांच्या सापावर शिकून घेतलं. फ्रीझरमधून काढून रात्रभर बंद डब्यात फ्रिजमध्ये, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात, अंगाला लागेल इतपत ऊब येईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आत गरम बाहेर गार असं होतं आणि फुटतो सुद्धा. मग कोरडा करून लांब चिमट्याने शेपटीकडून धरायचा आणि जरा हलवायचा. तिचा हात थरथरत होता. साप फांदीवरून खाली आला, जीभ बाहेर आत, बाहेर आत, मान इंग्रजी एससारखी मागे ओढली आणि आम्हाला दिसायच्या आत उंदीर त्याच्या तीन वेटोळ्यांत होता. मेलेलाच होता तो, तरी त्याने आवळून धरला, मिनिटभर. मग वेटोळी सैल केली आणि नाकाने सगळीकडून चाचपत डोकं शोधलं, कारण डोक्याकडून गिळलं की पाय आणि केस बरोबर दिशेने दुमडतात. चार मिनिटांत संपलं. त्यानंतर त्याने दोनदा मोठी जांभई दिली, म्हणजे ताणलेला जबडा परत नीट केला. लेकीने तोवर श्वास रोखून धरला होता. खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर ओकतो, आणि ओकला तर पोटातली आम्लं पण जातात, म्हणून पुढचे दहाबारा दिवस काही द्यायचं नाही आणि मग आधीपेक्षा लहान उंदराने सुरुवात करायची.

साप यायच्या आधी अजून एक काम केलं, डॉक्टर शोधला. सगळे व्हेट साप बघत नाहीत हे आम्हाला माहीत नव्हतं, पाच ठिकाणी फोन केले, तिघांनी नाही म्हटलं, एकाने फक्त कासव म्हटलं, शेवटी चाळीस मिनिटांवर एक एक्झॉटिक व्हेट मिळाली, तिच्याकडे आधीच नाव नोंदवलं. साप आजारी आहे हे लपवतो. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला टिकटिक आवाज, म्हणजे फुफ्फुसात इन्फेक्शन. पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके बुडालेले दिसले तर माइट्स, म्हणजे अंगावरचे बारीक रक्तपिपासू किडे. आणि आपल्या बाजूने साल्मोनेला, पोट बिघडवणारे जंतू, साप एकदम ठणठणीत असला तरी त्याच्या अंगावर असू शकतो, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात, त्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायचं नाही, आणि पाच वर्षांखालची मुलं आली की साप पेटीतच. काचांना कुलूप लावा. खरंच लावा. ह्यांचं डोकं जिथून जातं तिथून सगळं अंग जातं, आणि काच बोटभर सरकलेली त्यांना रात्रीत सापडते.

दहा आठवडे असे गेले. पिल्लू न घेता आम्ही रेस्क्यूमधून घ्यायचं ठरवलं, कारण पाळून कंटाळलेल्या लोकांचे इतके साप तिथे येतात की नवीन विकत घ्यायचं मनाला येईना. डिसेंबरच्या सुरुवातीला फोन आला, एक मादी आहे, तीन वर्षांची, साडेतीन फूट. आम्ही गेलो. केशरी अंग, त्यावर काळी किनार असलेले विटकरी ठिपके, पोटावर मक्याच्या कणसासारखी काळीपांढरी चौकट. तिथल्या बाईंनी तिला हातावर घेऊन हळूच वळवलं आणि पोट दाखवलं. मधोमध अंगठ्याएवढ्या जागेत ती चौकटच नव्हती, खवले आक्रसलेले, गुलाबी, गुळगुळीत. जुनं भाजलेलं. आधीच्या घरी हीट मॅट होती आणि थर्मोस्टॅट नव्हता, त्या लोकांनी मुद्दाम नाही केलं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. लेकीने माझा हात घट्ट धरला. मला कळलं तिला काय आठवलं ते. ४७.

रेस्क्यूवाल्यांनी आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारले. लेकीने उत्तर द्यायच्या ऐवजी वही पुढे केली. बाईंनी पानं उलटली, लाल पेनाच्या पानावर थांबल्या, वाचलं नाही कारण ते मराठीत होतं, विचारलं इथे काय झालं होतं. लेकीने सांगितलं. बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, न्या हिला.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात हात लावायचा नाही, बघायला पण सारखं जायचं नाही, त्याला नवीन वासांची सवय होऊ द्यायची. तेरा वर्षांच्या मुलीसाठी हे फार अवघड होतं पण तिने पाळलं, फक्त पाणी बदलायला जायची, हळूच, खिडकी बंद करावी तशी काच सरकवून. सहा दिवस जिलबी भुशातून वर आलीच नाही. नाव सासूबाईंनी ठेवलं, व्हिडिओ कॉलवर गुंडाळी करून बसलेली बघून, अगं ही तर जिलबी. आठव्या दिवशी रात्री तिने चिमट्यातून पहिला उंदीर घेतला. त्यानंतर दोन दिवसांनी पहिल्यांदा हातात, दहा मिनिटं. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही, वरून येणारी ती घार असं त्याला वाटतं, बाजूने आणि अंगाच्या मधल्या भागाला आधार देऊन. ती लेकीच्या मनगटावरून बाहीत शिरली आणि तिथेच थांबली.

लोक विचारतात तिला तुमचा लळा लागलाय का. कुत्र्यासारखा नाही लागत, मला वाटतं त्या अपेक्षेने आणूच नये. ती आमचा वास ओळखून घाबरत नाही, शांतपणे हिंडते, आणि बघत बसायला मला तेवढं पुरतं. आणि तिला जोडीदार आणा असं पण काहीजण सुचवतात, एकटी आहे म्हणून. नको. हे साप एकटेच राहतात, एका पेटीत दोन ठेवले तर एक दुसऱ्याच्या खाण्यावर आणि ऊबेवर ताण आणतो, कधी कधी गिळतो सुद्धा.

फेब्रुवारीत तिचे डोळे दुधाळ निळे झाले. साप कात टाकायच्या आधी असं होतं, त्याच्या डोळ्याला पापणी नसते, वर पारदर्शक खवला असतो आणि तो पण कातेबरोबर निघतो. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, चिडका होतो, हाताळू नये, बऱ्याचदा खात पण नाही. आम्ही दह्याच्या एक किलोच्या डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरून ठेवलं, म्हणजे ज्या जागी दमटपणा पाहिजे तो मिळतो आणि बाकीची पेटी कोरडी राहते, एरवी ४० ते ६० टक्के पुरतं. चारपाच दिवसांनी डोळे परत स्वच्छ झाले. मला वाटलं झालं वाटतं, पण लेक म्हणाली नाही, आधी स्वच्छ होतात आणि मग टाकते.

दोन दिवसांनी सकाळी साडेसहाला तिने मला उठवलं. सासूबाई पण शाल गुंडाळून आल्या. फांदीला अडकून कात लोंबत होती, मोजा उलटा काढावा तशी, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. लेकीने ती टेबलावर ओल्या हाताने पसरली आणि पहिल्यांदा डोकं उजेडात धरलं, डोळ्यांचे दोन्ही गोल खवले आलेत का बघायला, एक जरी डोळ्यावर राहिला तरी त्रास होतो. दोन्ही होते, भिंगासारखे. मग पोटाची बाजू. भाजलेल्या जागी कात जाडसर होती, सुरकुतलेली, पण फाटली नव्हती. सासूबाईंनी बोट न लावता बराच वेळ बघितलं आणि विचारलं, आता दुखत असेल का गं हिला? लेक म्हणाली नाही आजी, डॉक्टरांनी बघितलंय, आता फक्त खूण राहिलीये.

त्या दिवशीची वहीतली नोंद अशी आहे. गरम ३१, गार २३, दमटपणा ५२. कात अखंड, १२१ सेंटिमीटर, खरी लांबी याहून कमी कारण कात ताणली जाते. दोन्ही डोळे ठीक. खाणं शुक्रवारी. प्रोब जागेवर.